डबीतलं कार्ड

डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे ऑफिसात काम कमी आणि प्लॅनिंग जास्त. थर्टी फर्स्टला कुठे? लोणावळा, अलिबाग की कुणाची तरी टेरेस? बुकिंग कोण करणार, गाडी कोण चालवणार, परतताना शुद्धीत कोण राहणार? हे सगळं ठरत असतानाच प्रत्येकाच्या मोबाइलवर गुपचूप आणखी एक काम चाललेलं असतं. पुढचं वर्ष कसं जाईल, ते बघायचं. वार्षिक राशिभविष्य, शेअर बाजाराचा अंदाज, आपल्या क्षेत्रातल्या किती नोकऱ्या एआय खाणार याची भाकितं. एरवी 'माझा नाही बाबा विश्वास' म्हणणारे कॉम्प्युटर इंजिनियरसुद्धा डिसेंबरात आपली रास हळूच वाचून घेतात. वाचतात आणि म्हणतात, टाइमपास!

आमच्या ऑफिसातला एक जण मात्र या चर्चेत कधीच नसतो. त्याला सगळे 'मोताळा'च म्हणतात, कारण पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्याने गावाचं नाव सांगितलं आणि कुणालाच ते ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नसेल, तर सांगतो. मोताळा हे बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रेल्वेने मलकापूरला उतरायचं आणि बुलढाण्याची एसटी पकडायची. साधारण निम्म्या वाटेवर मोताळा लागतं, त्यानंतर राजूर घाट चढला की बुलढाणा. आजूबाजूला कपाशी, सोयाबीन, तूर, आणि जवळच नळगंगेचं धरण. धरण असलं तरी पुष्कळशी शेती पावसाच्याच मर्जीवर.

तर हा मोताळा दर थर्टी फर्स्टला रजा टाकतो आणि गावी जातो. गावी पार्टी? तर नाही. घरी प्रार्थना असते, रात्री साडेदहाला सुरू होऊन बारा वाजून गेल्यावर संपणारी. घरचे चौघं-पाचजण, शेजारच्या तालुक्यातून आलेले मामा-मामी, कधी एखादे पाळक. जुन्या वर्षाची उपकारस्तुती करायची, गाणी म्हणायची, बाराच्या ठोक्याला गुडघ्यावर असायचं. नंतर चहा आणि केक. केक अंड्याचा, चहा वऱ्हाडी गोड.

ख्रिस्ती मंडळी याला 'वॉच नाइट' म्हणतात, म्हणजे जागरणाची उपासना. तिचा इतिहास ऐकून मला तर मजाच वाटली. मोरेव्हियन पंथाच्या लोकांत अशी जागरणं आधीपासून होती. १७४०च्या दशकात जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाने ती उचलली. इंग्लंडात ब्रिस्टलजवळ किंग्जवूड इथे कोळशाच्या खाणीतले मजूर शनिवारची रात्र गुत्त्यात काढायचे. त्यांतले जे वेस्लीच्या मागे आले, त्यांनी त्याच रात्री प्रार्थनेत जागवायला सुरुवात केली. म्हणजे वीकेंडच्या पार्टीला पर्याय म्हणूनच हे निघालं! पुढे अमेरिकेत ३१ डिसेंबर १८६२च्या रात्री काळे लोक चर्चमध्ये जागत बसले होते, कारण दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ला, लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात येणार होता. बारा वाजण्याची वाट त्या रात्री त्यांनी कशी पाहिली असेल!

मोताळ्यासारख्या गावात हे कसं पोचलं, तर मिशनमार्फत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स हे अमेरिकन मिशन वऱ्हाडात आणि खानदेशात काम करू लागलं. अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर ही त्यांची ठाणी. १८९७चा आणि १८९९-१९००चा असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले, आणि त्यात उघड्यावर पडलेली कितीतरी मुलं मिशनच्या अनाथालयांत वाढली. संख्या तेव्हाही थोडी होती, आजही थोडीच आहे. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यातले पुष्कळसे मुंबई, वसई, पुण्याकडचे. वऱ्हाडातल्या एखाद्या गावातलं ख्रिस्ती घर म्हणजे नाताळाला चांदणी टांगणारं गल्लीतलं एकटं घर.

आता पुढच्या वर्षाच्या कुतूहलाबद्दल. हे काही फक्त शहरातल्या राशिभविष्यवाल्यांचं वेड नाही. मोताळ्याच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ नावाचं गाव आहे. तिथली घटमांडणी तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात वर्तुळात धान्यं मांडायची, मधे खड्डा करून त्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई वगैरे. रात्रभर तिथे कुणी फिरकायचं नाही. पहाटे जाऊन कोणता दाणा जागचा हलला ते पाहून पाऊस, पिकं, झालंच तर राजा आणि देशाची आर्थिक स्थिती हे सगळं सांगायचं. दरवर्षी पंचक्रोशीतले शेतकरी पहाटे तिथे जमतात. हसू नका. ज्याचं वर्ष जूनच्या दोन सरींवर ठरतं, त्याने दाण्यांना विचारलं तर नवल काय? बुलढाणा हा पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांपैकी एक. जुलै २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात तो होता. तिथे 'अनसर्टन्टी' हा शब्द कुणी पॉवरपॉइंटमध्ये शिकलेलं नाही.

ख्रिस्ती घरांतही हे कुतूहल असतंच. मोताळाच्या घरी थर्टी फर्स्टला एक डबी निघते. तिच्यात व्हिजिटिंग कार्डापेक्षा लहान, रंगीत कार्डं असतात आणि प्रत्येकावर बायबलमधलं एकेक वचन छापलेलं असतं. बारा वाजून गेले की प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायचं. ते तुमचं वर्षभराचं वचन. कितीतरी चर्चमध्ये हे चालतं. लोक ते कार्ड पाकिटात ठेवतात, कपाटाला चिकटवतात. काही पाळकांना हे फारसं पटत नाही, त्यांना त्यात लॉटरीचा वास येतो. मला विचाराल तर वास येतोच. पण माणसांना डबी आवडते, त्याला काय करणार?

२०२०च्या थर्टी फर्स्टला कोविडमुळे सगळं घरातल्या घरात होतं. मोताळाचे वडील निवृत्त गुरुजी. त्यांनी डबीतून कार्ड उचललं, ते ९१व्या स्तोत्राचं निघालं. या स्तोत्राचा शेवट दीर्घायुष्याच्या वचनाने होतो आणि कार्डावर नेमकं तेच. घरात सगळ्यांना बरं वाटलं. त्या वर्षी तर जास्तच.

एप्रिल २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, गुरुजी गेले. आठ दिवसांत. वय ६६.

हे त्याने मला सांगितलं ते कॅन्टीनमध्ये, नंतर जवळजवळ दोन वर्षांनी. ऐकल्यावर मी जे विचारलं असतं, तेच त्याने तेव्हा आईला विचारलं होतं. आई, ते कार्ड खोटं निघालं ना? आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा अजून तिसरीतच आहे. म्हणाली, "काहून रे, ते कार्ड का देवानं छापलं व्हय? ते छापखान्यानं छापलं. तुह्या बापाचा भरोसा कार्डावर नव्हता."

बस्स. त्यापुढे प्रवचन नाही. रडली नाही असं मुळीच नाही, वर्षभर रडली. देवाशी भांडलीसुद्धा, अगदी मोठ्याने, चुलीपाशी. पण २०२१च्या थर्टी फर्स्टला डबी काढली ती तिनेच. मोताळाने मात्र कार्ड उचललं नाही. पुढच्या वर्षीही नाही.

मला या गोष्टीत खरी उत्सुकता आहे ती आईच्या वाक्याची. भरोसा कार्डावर नव्हता, मग कशावर होता? आपल्यासारख्यांच्या डोक्यात विश्वास म्हणजे एक प्रकारची पॉलिसी असते. इतका प्रीमियम भरला, इतक्या रविवारी चर्चला गेलो (किंवा इतक्या मंगळवारी सिद्धिविनायकाला), आता क्लेम मिळायला हवा. क्लेम नाकारला गेला की कंपनी फसवी. आजकाल काही उपदेशक हीच पॉलिसी स्टेजवरून विकतात, व्हिसा, प्रमोशन, कॅन्सर, सगळ्यावर कव्हर. बघताना मला त्यांचा नाही, समोर बसलेल्यांचा विचार येतो. ज्याचा क्लेम नामंजूर होतो, त्याला घरी जाऊन वाटत राहतं की आपलाच विश्वास कमी पडला. आजार तर आहेच, वर हा अपराधीपणा फुकट.

आणि गंमत म्हणजे, ज्या प्रार्थनेवर ख्रिस्ती माणूस लहानाचा मोठा होतो, तिच्यात वर्षाचं काही मागणंच नाही. प्रभूची प्रार्थना. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात ती येते. तिच्यात पोटापाण्याची एकच मागणी आहे आणि ती आजच्या दिवसापुरती. मराठी बायबलने तिथे सरळ 'भाकर' हा शब्द ठेवलाय. ज्वारीच्या मुलुखात याहून योग्य शब्द कुठला? मूळ ग्रीकमध्ये भाकरीच्या आधी जे विशेषण आहे, 'एपिउसिओस', ते इतर ग्रीक लेखनात जवळजवळ सापडतच नाही, त्यामुळे पंडित अजून भांडतात. कुणी म्हणतं रोजची, कुणी म्हणतं गरजेपुरती, कुणी म्हणतं येणाऱ्या दिवसाची. पण अगदी जास्तीत जास्त ताणलं तरी ती भाकर उद्यापर्यंतच पुरते. मार्चएंडपर्यंत नाही.

जुन्या करारातली मान्नाची गोष्ट तर लंच बॉक्सवाल्यांनी वाचावीच. मिसरमधून सुटलेले इस्राएली लोक रानात उपाशी. रोज सकाळी जमिनीवर मान्ना पडायचा. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. काही हुशार लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवला, तर सकाळी त्यात किडे! फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा, तेव्हा तो खराब होत नसे. म्हणजे वीकेंडची सोय होती, पण बाकी स्टॉक करणं बंद. चाळीस वर्षं असं चाललं म्हणे. वीस वर्षांच्या होम लोनवाल्यांना हे ऐकून घाम फुटेल.

ही रोजच्या भाकरीची गोष्ट मराठीत कुणी प्रत्यक्ष जगून लिहिली असेल, तर ती लक्ष्मीबाई टिळकांनी. 'स्मृतिचित्रे' तुम्ही शाळेत धड्यापुरती वाचली असतील, आता सलग वाचा. लक्ष्मीबाई १८६८च्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवरा कवी, नारायण वामन टिळक. विद्वान, प्रेमळ, आणि संसाराच्या बाबतीत संपूर्ण बेभरवशाचा. आज नोकरी आहे, उद्या नाही. आज घरी आहेत, उद्या कुठे गेले पत्ता नाही. हातात पैसा आला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेलाच म्हणून समजा. अशा नवऱ्याबरोबर ईएमआय नसतानाही महिना काढणं काय असतं, हे त्या इतक्या हसत सांगतात की वाचताना आपणच दोनदा थांबतो, अरे, ही बाई उपाशी होती की!

मग टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. (या एका भाकिताने मात्र भेंडवळलाही मागे टाकलं.) १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या, बातमी त्यांना मागून कळली. १८९५ सालच्या ब्राह्मण बाईसाठी याचा अर्थ काय, विचार करा. नवरा जिवंत, पण संसार संपला. नातेवाईक, सोवळं, देव, स्वयंपाकघर, सगळं एका बातमीत हललं.

पण त्या लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत, आणि मला त्या इथेच सगळ्यात जास्त आवडतात. पाच वर्षं झगडल्या. नवऱ्याशी, समाजाशी, स्वतःशी. पुढे त्याच्याकडे राहायला गेल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. जातपात एकदम सुटली नाही, विचार करकरून एकेक गाठ सोडवत गेल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, नवऱ्याचा शेरा म्हणून नाही, स्वतःला पटलं म्हणून. आणि ख्रिस्ती झाल्यावर आयुष्य सुरळीत झालं? छे! नवरा तोच होता. दुष्काळातली पोरं घरात आली, त्यांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी आली. १९१७मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासी झाले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. ९ मे १९१९ला ते वारले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. त्यानंतर त्यांनी मुलाबरोबर पार कराचीपर्यंत बिऱ्हाड हलवलं, टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे नेलं, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३६मध्ये गेल्या.

त्या पुस्तकात देवाचं नाव घेऊन कुणी सतत हात जोडून बसलेलं नाही. भांडणं आहेत, फजित्या आहेत, स्वयंपाक आहे. पण उद्याचं काहीही ठाऊक नसताना ही बाई आज चूल पेटवते आणि दारात आलेल्याला त्यातलं वाढते. विश्वास दिसतो तो इथे. त्यांना कुणी 'तुमचा फाइव्ह इयर प्लॅन काय' असं विचारलं असतं, तर उत्तर ऐकण्यासारखं असतं.

कुणी म्हणेल, म्हणजे काय आता एसआयपी बंद करायच्या? मेडिक्लेम मोडायचा? मोताळाची आई तर तसलं काही करत नाही. तीन एकर कपाशी-तूर तीच बघते. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा मिळायला लागला, तेव्हा कागदपत्रं घेऊन ती पहिल्या दिवशी रांगेत होती. २०२५मध्ये ती योजना बंद झाली, तेव्हा तिने सरकारला दोन शिव्या घातल्या आणि हप्ता भरला. विमा हा विम्याच्या जागी, प्रार्थना प्रार्थनेच्या जागी. "म्या देवाले कधी वर्षाचं मांगलंच नाही," ती म्हणते. "आजचं मांगते. उद्याचं उद्या मांगीन, त्याले काय घाई हाये?"

मोताळाला मात्र हे इतकं सोपं गेलं नाही. २०२३च्या सुरुवातीला त्याचं प्रोजेक्ट बंद पडलं, चार महिने तो बेंचवर होता आणि रोज सकाळी मेल उघडताना त्याचे हात गार पडायचे. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता चालूच. त्या दिवसांत तो पुन्हा चर्चला जायला लागला, असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. एक मात्र झालं. रोज रात्री आईला फोन करायचा आणि ती फोनवरच प्रभूची प्रार्थना म्हणायची. तो नुसता ऐकायचा. भाकरीच्या ओळीला ती दरवेळी किंचित थांबते, म्हणाला, लहानपणापासून थांबते, आणि त्याचं कारण त्याने कधी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं. आई म्हणाली, तिथे ती मनातल्या मनात घरातल्या माणसांची नावं घेते. जेवली की नाही, म्हणून.

प्रोजेक्ट मिळालं शेवटी. प्रार्थनेमुळे की बंगळुरूच्या क्लायंटमुळे, यावर आम्ही वाद घातलेला नाही.

२०२३च्या थर्टी फर्स्टला तो नेहमीसारखा गेला. कार्ड अजूनही उचलत नाही, पण आता डबी तोच धरतो, सगळ्यांसमोर एकेक करून नेतो. मामींनी एकदा 'तूही घे रे' म्हटलं, तर आईनेच त्यांना गप्प केलं. डबीतली कार्डं जुनी झाली होती, कोपरे दुमडलेले, म्हणून गेल्या वर्षी नवा संच आणला.

गुरुजींचं कार्ड मात्र त्या डबीत परत गेलेलं नाही. ते गेले त्या दिवशी आईने ते आपल्या बायबलमध्ये घातलं होतं. मोताळाला वाटायचं, ते ९१व्या स्तोत्रापाशी असणार, आठवण म्हणून. मागच्या खेपेला त्याने बायबल उघडून पाहिलं तर कार्ड तिथे नव्हतं. शोधलं तर पार पुढे, लूकच्या शुभवर्तमानात सापडलं. आई रोज रात्री दोन पानं वाचते, शेवटपर्यंत आली की पुन्हा पहिल्यापासून. कार्ड खूण म्हणून वापरते.